कावेरीकाठच्या घोड्यांची चंदी
तंजावरच्या मराठी सत्तेचा इतिहास बहुधा ग्रंथसंग्रह, नाट्य आणि कीर्तन यांच्या अंगाने सांगितला जातो. परंतु 1676च्या सुमारास व्यंकोजीराजांनी ज्या घोडदळाच्या बळावर तेथे राज्य उभारले, त्याला कावेरीच्या पाणथळ मुलखात काय खाऊ घालावे, हा प्रश्न त्या राज्याहून कितीतरी जुना होता. कुंभकोणमजवळ पापनाशम् येथे, तिरुप्पालैत्तुरैच्या शिवमंदिरात, नायककाळातील सुमारे 3000 कलम (कलम हे तेथील धान्याचे माप) भात मावणारे प्रचंड कोठार आजही उभे असून, या भागात मुबलक काय होते ते त्यावरून कळते. दख्खनी स्वाराच्या घोड्याची चंदी, म्हणजे रोज मापून दिला जाणारा दाणा, मुख्यतः हरभऱ्याची असे. तमिळ मुलखात हरभऱ्याची जागा शिजवलेल्या कुळथाने घेतली.

तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने तमिळ किनाऱ्यावर घोड्यांना भाताबरोबर शिजवलेले मांस देतात असे लिहिले, आणि समुद्रमार्गे विकत आणलेल्या हजारो घोड्यांपैकी वर्षअखेर फारच थोडे जगतात, याचा दोष तेथील निगेला दिला. मात्र शिजवलेला दाणा देणे हे निव्वळ अज्ञान नव्हते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील ‘अश्वाध्यक्ष’ प्रकरणात उत्तम घोड्यासाठी दोन द्रोण अर्धवट शिजवलेले धान्य, एक प्रस्थ तेल-तूप, पाच पल मीठ, पन्नास पल मांस, आणि हा पिंड भिजवण्यासाठी एक आढक रस किंवा त्याच्या दुप्पट दही सांगितले आहे. घोड्याच्या खाद्यात दह्यासारखा आंबट पदार्थ मिसळण्याची भारतीय परंपरा येथे दिसते.

सफरचंदाचा शिरका या परंपरेत नाही; 1958 साली प्रसिद्ध झालेल्या डॉ. जार्विस यांच्या पुस्तकाने व्हर्माँटमधील त्याचा घरगुती वापर जगभर पोहोचवला आणि आज पुष्कळ अश्वपालक तो दाण्यावर शिंपडतात. शिरक्याला आंबटपणा देणारे ॲसिटिक आम्ल घोड्याच्या मोठ्या आतड्यातील सूक्ष्मजीव वैरणीचे तंतू आंबवून स्वतःच विपुल प्रमाणात तयार करतात, म्हणून वरून घातलेल्या शिरक्यापेक्षा वैरणीचे मोल निश्चितच मोठे आहे. शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीतील अधिकाऱ्यांना 1673 च्या पत्रात दाणा-वैरण पावसाळाभर पुरवून वापरण्याची सक्त ताकीद दिली, तिच्यामागे मात्र साठा संपून घोडी उपाशी मरू नयेत आणि रयतेला उपद्रव होऊ नये, ही चिंता होती.

नकुलाच्या नावावरील ‘अश्वशास्त्र’ तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने 1952 मध्ये छापले. तेथील मोडी दफ्तरात पागेच्या खर्चाच्या नोंदी शोधून त्या या ग्रंथाशी ताडून पाहण्याचे काम मराठी अभ्यासकांनी हाती घ्यावे.