नकाशावरचा लाल रंग

मागच्या वेळी आपण ‘कारण’ या संकल्पनेपाशी थांबलो होतो. आज ती एका नकाशावर तपासू.

१९३३ साली, महामंदीत, अमेरिकी सरकारने घरकर्जासाठी एक महामंडळ काढलं. त्याने २००हून अधिक शहरांचे नकाशे रंगवले. हिरवा भाग उत्तम, लाल धोक्याचा. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या बहुतेक लालच. भेदभाव आधीही होताच; नकाशाने त्याला सरकारी शिक्का दिला. लाल भागात कर्ज मिळणं दुरापास्त. घरं मोडकळीला आली, आणि पुढे अनेक शहरांत महामार्गही अशाच वस्त्यांतून काढले गेले. १९६८च्या कायद्याने घरांबाबतचा भेदभाव बेकायदा ठरला. वस्त्या मात्र होत्या तिथेच राहिल्या.

आता बघा. न्यूयॉर्कमधले २०१३ ते २०१७चे जन्म अभ्यासकांनी याच जुन्या नकाशावर मांडले. मुदतीआधी जन्मलेली बाळं हिरव्या भागात शेकडा ५, लाल भागात ७.३.

कुणी म्हणेल, हे वंशातच असेल. पण १९९७ साली डेव्हिड आणि कॉलिन्स यांनी इलिनॉयमधले जन्म तपासले. आफ्रिकेतून आलेल्या कृष्णवर्णीय आयांच्या बाळांचं वजन तिथल्या गोऱ्या बाळांच्या जवळ जाणारं निघालं. अमेरिकेतच जन्मलेल्या कृष्णवर्णीय आयांची बाळं मात्र हलकी. मूळ एकच असेल, तर फरक कुठून आला? जगण्याच्या जागेकडे आणि परिस्थितीकडे बघावंच लागतं.

पत्रिकेत आपण जन्मस्थळ लिहितो ते ग्रहांसाठी. इथे जन्मस्थळाला रंग दिला तो कचेरीतल्या माणसांनी. म्हणून त्याला नशीब म्हणून आपल्याला सुटता येत नाही.