विलीनीकरण : एका शब्दाचा दुसरा प्रवास

मराठवाड्यात ‘विलीनीकरण’ हा शब्द उच्चारला की प्रथम आठवते ते १७ सप्टेंबर १९४८. त्यामुळे २०२१ च्या ऑक्टोबरअखेरीस एस.टी. कामगारांनी संप पुकारून महामंडळाच्या शासनातील विलीनीकरणाची मागणी केली, तेव्हा औरंगाबादच्या (आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या) कानांना तो शब्द कोरा नव्हता. त्या काळात झडलेल्या वादात मात्र आम्हांला एक मोठी उणीव जाणवली. एका पक्षाच्या मते एस.टी. हा समाजवादाने पोसलेला पांढरा हत्ती, दुसऱ्याच्या मते ती खासगी भांडवलाच्या तोंडी दिला जाणारा घास. एस.टी. ही नेहरूयुगीन समाजवादाची निर्मिती, हे दोघांनीही गृहीतच धरले होते. मराठवाड्यापुरते तरी ते खरे नाही.

मनमाडहून औरंगाबादमार्गे हैदराबादेस जाणारी रेल्वे चालवणारी कंपनी लंडनची होती आणि तिच्या भांडवलावरील परताव्याची हमी निजाम सरकारची. धोका रयतेचा, नफा भागधारकांचा! १९३० मध्ये सरकारने ती रेल्वे विकत घेतली आणि १९३२ मध्ये तिच्याच छत्राखाली २७ मोटारी व १६६ नोकरांनिशी रस्तेवाहतुकीचे खाते उघडले. म्हणजे सार्वजनिक मालकीची बस येथे आणली ती एका सरंजामी राजाने. तिच्यामागे ना समाजवाद होता, ना लोकशाही. त्याच संस्थानात पुढे लोकलढ्याचे नेतृत्व करणारे स्वामी रामानंद तीर्थ हे पूर्वाश्रमी कामगारनेते ना. म. जोशी यांच्या हाताखाली तयार झाले होते, हा योगायोगही ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

१९५१ मध्ये रेल्वे केंद्राकडे गेली, बसखाते हैदराबाद राज्याकडे राहिले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने मराठवाड्याचा हिस्सा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६१ मध्ये तो महामंडळात मिसळला. आमच्या मते कळीचा क्षण हाच. तोवर मराठवाड्याचा चालक सरकारी खात्याचा नोकर होता. त्यानंतर तो महामंडळाचा कामगार झाला. १९५० च्या ज्या कायद्यावर ही महामंडळे उभी आहेत, त्याचे २२ वे कलम सांगते की महामंडळाने व्यापारी तत्त्वांवर कारभार करावा. मालकी समाजाची, हिशेब व्यापाऱ्याचा! तोट्यातल्या खेड्यापर्यंत गाडी न्यायची, विद्यार्थ्यांना सवलत द्यायची आणि वर्षअखेरीस ताळेबंदही जुळवायचा. तो जुळला नाही की झळ प्रथम पगाराला. ही कोंडी भांडवलशाहीची की समाजवादाची, हे ठरवण्यात आम्हांला फारसे स्वारस्य नाही. ती मुळात कायद्यातच आहे.

हे नुसते तर्कट नव्हे. निजामाच्या त्याच खात्याच्या दुसऱ्या शाखेतून १९५८ मध्ये आंध्र प्रदेशचे महामंडळ जन्मले. तेथील कर्मचारी १ जानेवारी २०२० पासून शासनाच्या सेवेत गेले. तेलंगणात २०१९ मध्ये याच मागणीसाठी ५२ दिवसांचा संप झाला, तो निष्फळ ठरला. आणि २०२३ मध्ये त्याच सरकारने विधिमंडळात तसे विधेयक संमत करून घेतले. एका खोडाच्या तिन्ही फांद्यांवर एकच मागणी यावी, हे पुरेसे बोलके आहे.

जुन्या समाजवादी ग्रंथांतला कामगार कारखान्याचा धनी होऊ पाहत होता. हा कामगार सरकारचा नोकर होऊ पाहत होता, आणि तेही प्रस्थापित संघटनांना बाजूला सारून. डाव्या मित्रांना यात अधःपतन दिसले. आम्हांला तसे वाटत नाही. मालकी आधीच सार्वजनिक होती. तिने न दिलेली निश्चिती तो मागत होता.

शासनाने नेमलेल्या त्रिसदस्य समितीने विलीनीकरण नाकारले. उच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२२ पर्यंत रुजू होण्यास सांगितले, आणि कामगार आगारांत परतले ते महामंडळाचे कामगार म्हणूनच.