घरातला छोटा सर्व्हर : कमी विजेत धंद्याची कागदपत्रे कशी जपावीत?

आपल्या समाजातल्या कितीतरी कुटुंबांचा धंदा घरातून किंवा घराखालच्या गाळ्यातून चालतो. कुणाचे उमराह टूरचे ऑफिस, कुणाचे उर्दू-मराठी लग्नपत्रिकांचे डीटीपी सेंटर, तर कुणाचा शादीच्या व्हिडिओ शूटिंगचा व्यवसाय. वह्या गेल्या, सगळे कॉम्प्युटरवर आले. पण ते असते कुठे? थोडे लॅपटॉपवर, थोडे पेनड्राइव्हमध्ये आणि उरलेले कुणाच्या तरी व्हॉट्सॲपमध्ये.

सूरह बकराची २८२ वी आयत ही कुरआन शरीफमधली सर्वांत मोठी आयत आहे आणि ती उधारीचे व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. लिहिलेले टिकलेच नाही, तर लिहिण्याचा उपयोग काय? शिवाय गिऱ्हाइकाच्या पासपोर्टची प्रत किंवा कुणाच्या घरच्या लग्नाचे फोटो ही आपल्याकडची अमानत असते. जीएसटी कायद्यानुसारही नोंदणीकृत व्यापाऱ्याला हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात.

यावर एक उपाय म्हणजे घरगुती सर्व्हर. सर्व्हर म्हणजे फार मोठे काही नाही. चोवीस तास चालू राहणारा एक छोटा कॉम्प्युटर, ज्यावर सगळ्यांच्या फाइली एका जागी राहतात आणि घरातला किंवा दुकानातला प्रत्येक कॉम्प्युटर वायफायवरून वा केबलवरून त्या उघडू शकतो.

आधी माल किती, ते मोजा

डिस्क विकत घेण्याआधी हिशेब करा. एका उमराह प्रवाशाची सगळी स्कॅन कागदपत्रे मिळून ५ एमबी धरली, तर १,००० प्रवाशांची ५ जीबी होतात. म्हणजे अशा ऑफिसला १ टीबीची एसएसडी कित्येक वर्षे पुरेल. व्हिडिओवाल्यांचे गणित वेगळे आहे. १०० एमबीपीएसने केलेले एक तासाचे चित्रीकरण ४५ जीबी जागा घेते. त्यांनी ४ टीबी किंवा त्याहून मोठ्या डिस्कपासून सुरुवात करावी.

विजेचा हिशेब

अनेक जण म्हणतात, जुना डेस्कटॉप पडून आहे, तोच वापरू. चालेल, पण बिल पाहा. ७० वॅट खाणारा डेस्कटॉप चोवीस तास चालला, तर महिन्याला सुमारे ५० युनिट होतात. १५ वॅटचे छोटे यंत्र सुमारे ११ युनिट घेते. युनिटला १० रुपये धरले, तरी वर्षाला साडेचार हजारांहून जास्त फरक पडतो. तरीही बिलापेक्षा मोठा फायदा वीज गेल्यावर कळतो, तो पुढे सांगतो.

यंत्र कोणते घ्यावे?

तीन पर्याय सोयीचे आहेत.

पहिला, इंटेल एन१०० चिपचा मिनी पीसी. ही चिप २०२३ मध्ये आली. तिचे रेटिंग ६ वॅट असले, तरी ते फक्त चिपचे आहे. पूर्ण यंत्र रिकामे असताना साधारण ६ ते १० वॅट घेते.

दुसरा, ऑफिसांतून निघालेले सेकंडहँड छोटे पीसी : डेलचे ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोवोचे थिंकसेंटर टायनी, एचपीचे एलिटडेस्क मिनी. मुंबईत लॅमिंग्टन रोडला असा माल पाहायला मिळतो. प्रोसेसरच्या नावाशेवटी 'टी' अक्षर असेल, तर तो कमी विजेचा समजावा.

तिसरा, रास्पबेरी पाय ५. वीज सर्वांत कमी. मात्र तो मेमरी कार्डवर चालवू नका. सतत लिहून कार्ड लवकर खराब होते. त्याला एसएसडी लावा.

८ जीबी रॅम या कामाला पुरे. नेटवर्कचे पोर्ट मात्र गिगाबिटचे हवे, राउटरचेही. गिगाबिटवर ४५ जीबीची फाइल सात-आठ मिनिटांत जाते. १०० एमबीपीएसच्या जुन्या पोर्टवर तिलाच एक तासाहून जास्त लागतो.

वीज गेली तर?

घरच्या इन्व्हर्टरची १२ व्होल्ट, १५० एएचची बॅटरी कागदावर १,८०० वॅट-तास देते. बॅटरीचे वय आणि इन्व्हर्टरचा स्वतःचा खर्च पाहता निम्मीच धरा, ९००. सर्व्हर आणि राउटर मिळून २५ वॅट घेत असतील, तर पंखे-दिव्यांबरोबर हा भार कळणारही नाही. ८० वॅटचा डेस्कटॉप मात्र एका पंख्याइतकी बॅटरी रिकामी करतो.

बऱ्याच इन्व्हर्टरवर 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' असे बटण असते. ते यूपीएसवर ठेवा, नाहीतर वीज जाताच सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू होईल आणि लिहीत असलेली फाइल बिघडू शकते. इन्व्हर्टर नसेल, तर छोटा यूपीएस घ्या. आणि सर्व्हरच्या बायोसमध्ये 'वीज परत आल्यावर आपोआप सुरू हो' ही सेटिंग चालू करा. मग रात्री वीज आली, तरी कुणाला उठायला नको.

जागा हवेशीर निवडा. यंत्रमागाच्या कापसाची धूळ, स्वयंपाकघराची वाफ आणि पत्र्याखालचा उन्हाळा यांपासून डिस्क लांब ठेवा.

सॉफ्टवेअर

ओपनमीडियाव्हॉल्ट हे डेबियन लिनक्सवर आधारलेले सॉफ्टवेअर फुकट मिळते आणि छोट्या यंत्रावर चालते. त्याला स्वतःसाठी एक छोटी वेगळी डिस्क लागते. फाइलींची डिस्क निराळी ठेवा. ब्राउझरमधूनच सगळी मांडणी होते, विंडोजवर सर्व्हरचे फोल्डर नेहमीच्या ड्राइव्हसारखे दिसते. उर्दू किंवा मराठीत दिलेली फाइलींची नावेही नीट राहतात.

प्रत्येकाला वेगळे नाव आणि पासवर्ड द्या. हिशेबाचे फोल्डर कामगाराला दिसायला नको, डिझाइनचे दिसले पाहिजे. 'रिसायकल बिन'ची सोय चालू करा, म्हणजे चुकून पुसलेले परत मिळते.

डीटीपीवाल्यांसाठी एक गोष्ट. जुन्या इनपेजच्या फाइली युनिकोडमध्ये नसतात, इतर सॉफ्टवेअरमध्ये उघडत नाहीत. मूळ फाइलीबरोबर तिची पीडीएफही ठेवत जा.

सर्व्हर म्हणजे बॅकअप नव्हे

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. पुष्कळ जण दोन डिस्क 'मिरर' करतात, म्हणजे एकीवर लिहिलेले त्याच क्षणी दुसरीवरही जाते. एक डिस्क मेली, तर काम थांबत नाही, एवढाच त्याचा फायदा. पण फाइल पुसली, तर ती दोन्हींवरून पुसली जाते. व्हायरसने कुलूप लावले, तर दोन्हींना लागते. चोरी झाली, तर दोन्ही जातात.

पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने लोकप्रिय केलेला ३-२-१ हा नियम लक्षात ठेवा. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर. छोट्या धंद्यासाठी त्याची मांडणी अशी करता येईल :

१. मूळ फाइली सर्व्हरच्या एसएसडीवर.
२. रोज रात्री आपोआप दुसऱ्या डिस्कवर नक्कल, जुन्या प्रती काही दिवस राखून.
३. दर जुम्याला एका पोर्टेबल हार्ड डिस्कवर नक्कल. ती डिस्क लगेच काढून, पासवर्डने कुलूपबंद करून भावाच्या किंवा बहिणीच्या घरी.

टॅली चालू असताना तिचे फोल्डर कॉपी करू नका. टॅलीतलीच बॅकअपची सोय वापरून ती फाइल सर्व्हरवर टाका. आणि तीन महिन्यांतून एकदा नकलेतली एखादी फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहा. न तपासलेल्या बॅकअपचा भरवसा धरू नये.

बाहेरून वापरताना

दुकानातून घरचा सर्व्हर पाहायचा म्हणून राउटरचे पोर्ट उघडे करू नका. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या वॉनाक्रायने फाइल-शेअरिंगच्या जुन्या पद्धतीतल्या दोषाचाच फायदा घेतला होता. ती जुनी पद्धत, एसएमबी-१, बंदच ठेवा. बाहेरून जोडण्यासाठी वायरगार्ड किंवा टेलस्केलसारखे व्हीपीएन वापरा. सॉफ्टवेअरचे अपडेट दर महिन्याला करा.

शेवटी एक साधी गोष्ट. सर्व्हरचा पासवर्ड, बॅकअपचा पासवर्ड आणि कुठली डिस्क कुठे आहे, हे एका कागदावर लिहून घरातल्या एका भरवशाच्या माणसाकडे द्या. जिंदगीचा भरवसा नाही. घरच्या माणसांना आपली येणी-देणी शोधता आली पाहिजेत आणि लोकांची अमानत लोकांना परत करता आली पाहिजे.