एकटे राहताय? वीजबिलाचं गणित १०० युनिटपाशी आहे
महिनाभर खोली बंद ठेवून गावी गेलात, तरी महावितरणचं बिल शून्य येत नाही. स्थिर आकार भरावाच लागतो. तो भाड्यासारखा आधीच बाजूला काढा. बाकी हिशेब युनिटचा. १००० वॉटचं उपकरण तासभर चाललं की १ युनिट. म्हणजे २००० वॉटचा गीझर रोज अर्धा तास लावला तर महिन्याला ३० युनिट! ७५ वॉटचा पंखा रोज १० तास फिरूनही साधारण २२च खातो.

घरगुती दराचा पहिला, स्वस्त टप्पा १०० युनिटचा. चढा दर लागतो तो फक्त पुढच्या युनिटना. एसी नसेल तर एकट्याचा वापर सहसा १००च्या आत बसवता येतो. पण मीटर घरमालकासोबत सामाईक असेल, तर दोघांचे युनिट एकत्र मोजले जातात आणि हा फायदा हातचा जातो. डिपॉझिट देण्याआधी मीटर स्वतंत्र आहे का, ते विचारा.