जुन्या विश्वाचा तापमापक

१९६४ साली अमेरिकेतील होमडेल येथे शिंगाच्या आकाराच्या एका अँटेनाने आर्नो पेंझियस आणि रॉबर्ट विल्सन यांना जेरीस आणले. ४०८० मेगाहर्ट्झवर माथ्यावरच्या आकाशाकडून येणारा गोंगाट ६.७ केल्विन भरत होता. त्यातून वातावरणाचे २.३ आणि अँटेना व जमिनीचे ०.९ केल्विन वजा केले, तरी ३.५ केल्विन उरतच. द्रवरूप हेलियमने थंड केलेल्या स्रोताशी तुलना करून हे मापन होत असल्याने तो यंत्राचा दोष म्हणून झटकताही येईना. हेच वैश्विक सूक्ष्मतरंग प्रारण. त्याचे आजचे तापमान २.७२५ केल्विन मानले जाते.

या एका आकड्याने महास्फोटाचा वाद मिटला, असे म्हणण्याचा प्रघात आहे. तो पुरता खरा नाही. फ्रेड हॉईल यांचे शिष्य जयंत नारळीकर यांनी चंद्र विक्रमसिंघे यांच्यासह वेगळा पर्याय मांडला होता: अंतराळातील सुईसारखे सूक्ष्म कण ताऱ्यांचा प्रकाश शोषून तो सूक्ष्मतरंगांच्या रूपात परत टाकत असतील. खरी कसोटी भूतकाळात होती. महास्फोट झाला असेल, तर पूर्वीचे विश्व ठरावीक प्रमाणात अधिक उष्ण हवे. मूळच्या स्थिर स्थिती सिद्धांतात मात्र विश्वाचे रूप सर्वकाळ सारखेच. अडचण अशी, की अँटेनापर्यंत पोचणारे प्रारण वाटेतच थंडावलेले असते. ते फक्त आजचे तापमान सांगते.

तापमापक तिथेच, त्या काळात असायला हवा होता. पुण्याच्या आयुकातील रघुनाथन श्रीआनंद, पॅट्रिक पेटिजां आणि सेड्रिक लेदू यांना तो एका दूरच्या क्वेसारच्या वाटेवरील वायुमेघात सापडला. तेथील काही कार्बन अणू किंचित वरच्या ऊर्जापातळीवर होते. प्रारण जितके उष्ण, तितके असे अणू अधिक. अणूंच्या टकरींनीही हे घडते. पण त्याच मेघातील हायड्रोजन रेणूंवरून तो वाटा ठरवता आला, आणि म्हणूनच केवळ वरची नव्हे, खालची मर्यादाही प्रथमच हाती लागली. चिलीतील दुर्बिणीने टिपलेल्या वर्णपटातून डिसेंबर २००० मध्ये उत्तर आले: ६ ते १४ केल्विन. २.३४ ताम्रसृतीसाठी अपेक्षा होती ९.१ केल्विनची.

पल्ला मोठा होता, पण २.७ त्यात बसत नव्हते. २०१३ साली ऑस्ट्रेलियातील रेडिओ दुर्बिणींनी ०.८९ ताम्रसृतीवर ५.०८ केल्विन मोजले, अपेक्षा ५.१४ ची होती.

श्रीआनंद यांचे मोजमाप प्रसिद्ध झाले तेव्हा आयुकाच्या संचालकपदी नारळीकरच होते. हॉईल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह १९९३ मध्ये मांडलेला आपला सुधारित सिद्धांत त्यांनी त्यानंतरही सोडला नाही.