चांदा प्रांताचीं अर्वाचीन साधनें : फ्लॉप्या व त्यांचें वाचन

चंद्रपूर व गडचिरोली या अरण्यप्रदेशाच्या इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे गोंड राजांच्या सनदा, भोंसलेकालीन मोडी कागद व १८६९ चा ल्यूसी स्मिथ याचा जमाबंदीचा अहवाल हीं संशोधकांच्या डोळ्यांपुढें येतात. परंतु जुन्या चांदा जिल्ह्यांतून गडचिरोली निराळा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ रोजीं. आणि त्याच दशकांत लहान संगणक देशभर पसरूं लागले. शेजारच्या वर्धा जिल्ह्यांत तर, १९८८-८९ सालीं केंद्र सरकारनें देशांतील ज्या आठ जिल्ह्यांत जमिनीचे अभिलेख संगणकावर घेण्याचा प्रयोग आरंभिला, त्यांपैकीं एक झाला. तेव्हां या काळाचा शोध घेणाऱ्या संग्राहकास रुमालांबरोबर फ्लॉप्याहि तपासाव्या लागतील. फ्लॉपी हातीं आली तरी लेख हातीं येईलच असें नाहीं. एका संगणकावर लिहिलेली फ्लॉपी दुसऱ्यास वाचतां न येण्याचीं कारणें तीन आहेत.

पहिलें कारण आकाराचें. ८, ५¼ व ३½ इंच असे तीन मुख्य आकार प्रचारांत होते. हा भेद डोळ्यांस दिसतो, म्हणून तो फसवीत नाहीं.

दुसरें मांडणीचें. १९८४-८५ सालीं क्लास योजनेखालीं देशांतील निवडक शाळांस बीबीसी संगणक मिळाले. त्यांच्या नेहमींच्या पद्धतींत फ्लॉपीच्या प्रत्येक ट्रॅकवर २५६ बाइटांचे १० विभाग पडत. आयबीएम पद्धतीच्या ३६० किलोबाइट फ्लॉपीवर ५१२ बाइटांचे ९. चुंबकीय खुणा उमटविण्याची रीतहि दोहोंची भिन्न. फ्लॉपी दिसावयास तीच, पण एकीवरील मजकूर दुसऱ्या यंत्रास लागत नसे. एकाच घराण्यांतील यंत्रांतहि विरोध होता. १९८४ च्या आयबीएम एटीचा १.२ मेगाबाइटचा ड्राइव्ह ८० ट्रॅकांचा, म्हणून त्याचें हेड अरुंद. ४० ट्रॅकांच्या जुन्या फ्लॉपीवर त्यानें पुन्हां लिहिलें म्हणजे नव्या अरुंद रेघेच्या कडेस जुन्या लेखाचा अवशेष राही, आणि जुन्या ड्राइव्हचें रुंद हेड दोन्हीं एकदम वाचून घोटाळा करी. खरडलेल्या ताम्रपटावर दुसरा लेख कोरावा, तसाच हा प्रकार होय.

तिसरें कारण अक्षरांचें, आणि मराठी संशोधकास तेंच अधिक जाचक. पुण्याच्या सी-डॅकचें जिस्ट कार्ड संगणकांत बसविलें म्हणजे इस्की संकेताचीं देवनागरी अक्षरें दिसत. हा संकेत १९९१ सालीं भारतीय मानक ठरला. कार्ड नसलेल्या संगणकावर तोच लेख चौकटींच्या रेघा व परकी अक्षरें होऊन दिसे. पुढें श्रीलिपी, आकृती इत्यादि फॉन्ट आले, व प्रत्येकानें अक्षरांचीं स्थानें आपापल्या मताप्रमाणें योजिलीं. येथें फ्लॉपी उघडते, मजकूर सबंध असतो, परंतु फॉन्ट न कळल्यास तो मोडी न जाणणाऱ्यापुढें ठेविलेल्या बखरीसारखा मुका राहतो.

यास्तव आमची संग्राहकांस सूचना अशी. फ्लॉपीवरील चिठ्ठी काढूं नये. ती कोणत्या यंत्रावर, कोणत्या प्रोग्रामांत व कोणत्या फॉन्टांत लिहिली हें देणाऱ्यास विचारून टिपावें, कारण तो माहीतगार गेल्यावर ही माहिती मिळणें कठीण. वाचण्यापूर्वीं लेखन बंद करावें : ५¼ इंची फ्लॉपीची खांच झांकली म्हणजे लेखन थांबतें, ३½ इंचीची मात्र खिडकी उघडी ठेविल्यानें. अनोळखी फ्लॉपी फॉरमॅट करावी काय असें संगणकानें विचारल्यास होकार देऊं नये. तो होकार लेखास घातक ठरतो. या प्रांतीं पावसाळा दांडगा. ओलीनें चकतीवर बुरशी धरते, व तशी चकती ड्राइव्हांत फिरविल्यास तिचा लेप खरवडला जातो. ती आधीं जाणत्याकडून स्वच्छ करवावी. नंतर सर्व ट्रॅकांची जशीच्या तशी प्रत घ्यावी, आणि युनिकोडांत केलेल्या लिप्यंतराबरोबर ती मूळ प्रतहि जतन करावी. लिप्यंतरांतील चूक मूळावांचून सुधारतां येत नाहीं.

मोडी कागद शंभर वर्षें पेटींत पडून राहिला तरी वाचक मिळतांच बोलूं लागतो. फ्लॉपीची चुंबकीय खूण मात्र वाचकाची वाट पाहतां पाहतां क्षीण होते. जिल्ह्याच्या पहिल्या दशकांचे जे लेख फ्लॉप्यांवर राहिले असतील, ते वाचविण्याचा काळ हाच आहे.