पाथर्डीची मोकळी झालेली जमीन : नाशिकच्या खत प्रकल्पाची वाटचाल

मुंबईहून नाशिकला येताना विल्होळीचं जैन मंदिर मागे पडतं, पांडवलेणीचा डोंगर दिसू लागतो आणि पाथर्डी फाटा येतो. तिथून पाथर्डी गाव ओलांडून गौळाण्याच्या रस्त्याला लागलं की महापालिकेचा खत प्रकल्प लागतो. शहरातल्या घंटागाड्या अखेर इथेच रिकाम्या होतात. पांडवलेणी बघायला लोक लांबून येतात, पण तिच्या जवळच्याच या जागेकडे सहसा कुणी वळत नाही. तरीही देशाच्या घनकचरा व्यवस्थापनाच्या इतिहासात पाथर्डीचं नाव मानाने घेतलं जातं. वर्षानुवर्षं साचलेला कचरा उकरून, कुजवून, जमीन पुन्हा वापरात आणण्याच्या भारतातल्या सुरुवातीच्या प्रयोगांत 2003 चा नाशिकचा प्रयोग अग्रभागी आहे.

ढिगारा कसा उभा राहिला

नाशिक महापालिका 1982 मध्ये स्थापन झाली. नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या नगरपालिका आणि भोवतालची गावं एका कारभाराखाली आली. सातपूर, अंबडच्या औद्योगिक वसाहतींनी रोजगार दिला, सिडकोने घरं दिली आणि शहर झपाट्याने फुगलं. 1991 ला साडेसहा लाखांच्या घरात असलेली लोकसंख्या 2001 ला पावणेअकरा लाखांपर्यंत पोचली, तर 2011 ला जवळपास पंधरा लाख झाली.

माणसं वाढली तसा कचराही वाढला. त्या काळी देशातल्या बहुतेक शहरांकडे त्यावर एकच उपाय होता : गावाबाहेरची जागा पाहायची आणि तिथे नेऊन ओतायचं. खाली अस्तर नाही, वर माती नाही, ओला-सुका असा भेद नाही.

असा ढीग वरून शांत दिसतो, आतून तो सतत जिवंत असतो. हवा न मिळालेला ओला कचरा आत सडतो आणि त्यातून मिथेन सुटतो. हा वायू पेटतो, म्हणून डेपो दिवसेंदिवस धुमसत राहतात. पावसाचं पाणी ढिगातून झिरपताना कुजका अंश, क्षार आणि बॅटऱ्या, रंग, औषधं यांतले जड धातू विरघळवून घेतं. हे काळं, उग्र वासाचं पाणी, म्हणजे लीचेट, मातीत उतरतं आणि पुढे विहिरींपर्यंत जातं. शहर कचरा टाकून मोकळं होतं. वास, माश्या, भटकी कुत्री आणि नासलेलं पाणी मात्र शेजारच्या गावांच्या पदरी पडतं.

देवळालीशी जोडलेला धागा

या बेफिकिरीला पहिला मोठा चाप न्यायालयातून बसला. 1996 मध्ये अल्मित्रा पटेल यांनी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. अमेरिकेतल्या एमआयटीतून अभियांत्रिकीची पदवी घेणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. त्यांचं शालेय शिक्षण नाशिकजवळ, देवळालीच्या बार्न्स स्कूलमध्ये झालं होतं. शहरांनी कचरा उघड्यावर फेकू नये, त्यावर प्रक्रिया करावी, एवढीच त्यांची मागणी होती. न्यायालयाने असीम बर्मन समिती नेमली, समितीने 1999 मध्ये अहवाल दिला आणि सप्टेंबर 2000 मध्ये देशात पहिल्यांदा नागरी घनकचऱ्याचे नियम लागू झाले. कचरा प्रक्रियेची व्यवस्था उभी करण्यासाठी त्यात 31 डिसेंबर 2003 ही मुदत होती.

नाशिकसमोर आणखी एक तारीख होती. 2003 च्या पावसाळ्यात सिंहस्थ कुंभमेळा भरणार होता. लाखो भाविक गोदाकाठी येणार आणि कचरा कितीतरी पटींनी वाढणार. खत प्रकल्पाला जागा हवी होती आणि जागेवर जुना कचरा बसून होता.

28 एकरांची मोकळीक

त्या जुन्या कचऱ्याने सुमारे 28 एकर जमीन व्यापली होती. थराची उंची 4 ते 7 मीटर, म्हणजे ठिकठिकाणी दुमजली घराएवढी. तो उचलून दुसरीकडे नेऊन टाकणं म्हणजे एका गावाचं दुखणं दुसऱ्या गावाला देणं. त्याऐवजी तो जागेवरच निवळवायचं ठरलं. आज सगळे याला बायोमायनिंग म्हणतात, तेव्हा मात्र ही वाट नवी होती.

पद्धत तशी साधी आहे. ढीग थराथराने सैल करायचा आणि त्याच्या माणसाच्या उंचीच्या लांबट रांगा घालायच्या, म्हणजे हवा आतपर्यंत खेळते. वरून जिवाणूंचं कल्चर फवारायचं आणि दर काही दिवसांनी रांग उलथीपालथी करायची. हवा मिळताच मिथेन तयार होणं थांबतं. कुजायचं राहिलेलं कुजून जातं, वास ओसरतो, ओल उडते आणि आकारमान बरंच घटतं. उरलेला माल चाळणीतून काढला की बारीक मातीसारखा भाग, दगड-विटा आणि प्लास्टिक-चिंध्या वेगळ्या होतात. माती झाडांखाली किंवा भरावाला चालते, दगड खड्डे बुजवायला लागतात आणि प्लास्टिक सिमेंटच्या भट्ट्यांत इंधन म्हणून जाऊ शकतं. पुन्हा पुरायचं ते फारच थोडं उरतं.

पाथर्डीची अशी मोकळी झालेली जमीन नव्या कचऱ्याचं खत करण्यासाठी वापरात आली. तिचं उद्यान झालं नाही की तिच्यावर इमारती उभ्या राहिल्या नाहीत. पण जी जमीन विष साठवत होती, ती विष तयार होण्याआधीच कचरा जिरवण्याच्या कामी लागली. हेच या प्रयोगाचं मोल. पुढे देशात इतर शहरांनी ही वाट धरली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2019 मध्ये जुन्या कचऱ्याच्या विल्हेवाटीची मार्गदर्शिका काढली, तोवर पाथर्डीच्या कामाला पंधरा वर्षं उलटून गेली होती. 2018 मध्ये इंदूरने देवगुराडियाचा सुमारे 100 एकरांचा डेपो याच मार्गाने साफ केला आणि देशभर वाहवा मिळवली. ती रास्तच होती. पण सुरुवात करणाऱ्यांत आपण होतो, हे नाशिककरांना ठाऊक असायला हवं.

पुढची पावलं

2005 च्या अखेरीस सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनर्निर्माण योजनेत नाशिकचा समावेश झाला आणि घनकचऱ्याच्या कामाला केंद्राचा निधी मिळाला. नुसत्या ढिगाची जागा यंत्रांनी आणि शास्त्रीय भरावभूमीने घ्यायला सुरुवात केली.

2017 च्या अखेरीस विल्होळीला आणखी एक प्रकल्प उभा राहिला. जर्मन सरकारचं अर्थसाहाय्य आणि जीआयझेड संस्थेची तांत्रिक मदत त्यामागे होती. हॉटेलांतलं उरलंसुरलं अन्न आणि सार्वजनिक शौचालयांतला मैला एकत्र आंबवून त्यातून बायोगॅस आणि वीज काढायची, अशी ही योजना. पूर्ण क्षमतेने चालल्यास दिवसाला सुमारे 3,300 युनिट विजेचं उद्दिष्ट होतं. जो मिथेन ढिगात पेटत होता, तोच टाकीत धरून कामाला लावायचा, असा हा विचार.

खताची गोष्ट मात्र यंत्रांवर संपत नाही. निफाड, दिंडोरीचा द्राक्षबागायतदार निर्यातीसाठी माती, पाणी आणि मालातले औषधांचे अंश तपासून घेतो. शहराचं खत त्याच्या बागेत जायचं तर त्यात काच, प्लास्टिक, जड धातू असून चालणार नाहीत. तशी शुद्धता चाळणीने येत नाही, ती आपल्या स्वयंपाकघरातल्या दोन डब्यांनी येते. बॅटरी आणि भाजीचे देठ एकाच डब्यात गेले की पुढचं कोणतंही यंत्र ती चूक पूर्णपणे निस्तरू शकत नाही.

हिशेब गावांचा

जुन्या कचरा डेपोच्या जमिनीचं पुढे काय करायचं, याची वेगवेगळी उत्तरं महाराष्ट्रातच आहेत. मुंबईत गोराईचा डेपो शास्त्रीय पद्धतीने झाकून बंद झाला. धारावीला लागून मिठी नदीच्या काठी कचऱ्याच्या जागेवर महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभं राहिलं. तिथलं पहिलं झाड 1983 मध्ये सलीम अलींनी लावलं आणि 1994 मध्ये उद्यान लोकांसाठी खुलं झालं. पुण्याजवळ उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या ग्रामस्थांना मात्र आपल्या दारातला कचरा थांबवण्यासाठी वर्षानुवर्षं आंदोलनं करावी लागली.

या सगळ्यांतून दोन धडे मिळतात. पहिला असा, की जमीन एकदा साफ केल्याने काम संपत नाही. रोज येणारा कचरा रोज जिरला नाही, तर मोकळी जागा काही वर्षांत पुन्हा भरते. दुसरा धडा हक्काचा आहे. ज्यांनी शहराचा वास आणि काळं पाणी सोसलं, त्या पाथर्डी, गौळाणे आणि विल्होळीच्या लोकांचा सुधारलेल्या जमिनीवर पहिला अधिकार आहे. प्रकल्पातला रोजगार, शुद्ध पाणी, झाडांचा पट्टा आणि निर्णयात आवाज, हे सगळं त्यांचं देणं आहे. उपकाराची भाषा इथे शोभणार नाही.

2027 चा सिंहस्थ तोंडावर आहे. 2003 च्या सिंहस्थाने नाशिकला 28 एकर जमीन परत मिळवायला भाग पाडलं होतं. या खेपेला महापालिकेने एवढं करावं : प्रकल्पाभोवतालच्या विहिरींच्या पाण्याची तपासणी दर पावसाळ्याच्या आधी आणि नंतर करावी आणि तिचे निकाल त्या त्या गावाच्या चावडीवर मराठीत लावावेत. आणि नाशिककरांनी आजपासून ओला कचरा वेगळा द्यावा. पाथर्डीची जमीन पुन्हा कचऱ्याखाली जाऊ नये, ही जबाबदारी घंटागाडीच्या मागे उभ्या राहणाऱ्या आपल्या प्रत्येकाची आहे.